मुखपृष्ठावरची पोहणारी

मी एक जुना कॅमेरा आहे, मित्रांनो. रोल घालावा लागणारा, जाडजूड, वजनदार. भिंगं घासून घासून लख्ख करणाऱ्या कारागीर बायकांनी मला घडवलं आणि एका लोकप्रिय क्रीडा मासिकाच्या छायाचित्रकाराने मला गळ्यात अडकवलं. त्याला सगळे दादा म्हणत. त्याचा हात दगडासारखा स्थिर, तोंड मात्र अखंड चालू!

तेव्हा खेळाडू आतल्या पानांत असत आणि मुखपृष्ठावर मॉडेल. कुणी रॅकेट उलटी धरी, कुणी फुटबॉल बाळासारखा कवटाळी. दादा म्हणे, "अगं, चेंडू आहे तो. रडायचा नाही, ठेव खाली!"

त्यातली एक जण वाचकांची फार लाडकी. पोहण्याच्या विशेषांकासाठी ती टोपी-चष्मा लावून तलावाच्या काठावर उभी राहिली. दादाने अंगावर पाणी शिंपडलं, मी डोळा मिटला, उघडला. अंक हातोहात खपला.

मग पत्रं आली. एका लहान मुलीने लिहिलं होतं, "ताई, पाण्यात तोंड घालायची मला भीती वाटते. तुमची कशी गेली?"

ते वाचून आमच्या मॉडेलचा चेहरा पडला. "दादा, मला पोहताच येत नाही. हिला काय सांगू?"

"खरं ते सांग. नाहीतर शीक."

"आधी शिकते. मग लिहिते."

दुसऱ्या दिवशी ती उथळ पाण्यात, कमरेला रबरी ट्यूब, भोवती खिदळणारी चिल्लीपिल्ली. नाकातोंडात पाणी गेलं, दोनदा रुसून घरी गेली, पण तिसऱ्यांदा परत आली. पाचव्या आठवड्यात तिने तलावाची रुंदी पार केली आणि काठ धरून ओरडली, "दादा, पोचले!" लाल डोळे, गालांवर चष्म्याचे वळ, केस चिकटलेले. तेवढ्यात आम्ही तो फोटो टिपला.

संपादकबाईंनी कपाळाला हात लावला. "हा अवतार मुखपृष्ठावर? अंकाला कोणी हात तरी लावेल का?"

"हाच लावा," ती म्हणाली. "नाहीतर माझा फोटो पुन्हा छापू नका."

दोन दिवस वाद चालला. शेवटी बाई म्हणाल्या, "छापा! होईल ते होईल."

पहिल्या आठवड्यात विक्रेत्यांनी गठ्ठे परत पाठवले. बाई परत आलेले गठ्ठे मोजत बसल्या. मी तर धास्तावलोच. मग उरलेल्या अंकांवरचा तो फोटो पाहून मुली आयांना ओढत दुकानांत नेऊ लागल्या. तेच गठ्ठे पुन्हा गेले, वर आणखी छापावे लागले! आमच्या पोहणारीने त्या लहान मुलीला खरं ते लिहिलं होतं, तिचंही उत्तर आलं, "ताई, मी तोंड घातलं. पाणी प्यायले. पण घातलं."

तेव्हापासून मुखपृष्ठावर घामाने निथळणारे, चिखलाने माखलेले खरे खेळाडू आले. ती मात्र तलावावर नवशिक्यांना शिकवू लागली.

पुढे नवे कॅमेरे आले, मी कपाटात गेलो. आता भिंगावर बुरशी धरते आहे. मित्रांनो, तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद असेल तर त्याला मधूनमधून बाहेर काढा, मऊ कापडाने पुसा, चार उजेडाचे क्षण दाखवा. आणि कुणाचा फोटो काढताना "केस नीट कर" म्हणायची घाई करू नका. आधी एक तसाच काढा.