ताटलीतला तळहात

तादेयाने लोव्रोला सांभाळलं की त्याच्या उजव्या हाताला साबणाचा वास यायचा. फक्त उजव्याच. लोव्रोच्या आईने, ब्रिनाने विचारलं, तर नणंद हसली. “जंतू जंतू तूच करतेस ना? धुतला हात.”

एकच? ब्रिनाच्या मनात पाल चुकचुकली. पण पाळणाघरात जागा नव्हती, सोमवारपासून तिला कामावर जायचं होतं आणि दहा महिन्यांचं पोर आत्याच्याच भरवशावर सोडायचं होतं.

तादेया जिवाणू वाढवून चित्रं करायची. ल्युब्ल्यानातल्या तिच्या प्रदर्शनात ब्रिना वाइनकडे न बघता थेट उबदार काचपेटीपाशी गेली. आत गोल ताटलीतल्या जेलीवर एक चिमुकला तळहात उगवला होता. पिवळे, पांढरे, गुलाबी ठिपके. करंगळीच्या टोकाशी मात्र काहीच नाही, चिकटपट्टीएवढी रिकामी जागा.

लोव्रोच्या करंगळीला तशी पट्टी ब्रिनानेच लावली होती. नख कापताना लागलंही तिच्याच हातून.

“तादेया, हा लोव्रोचा हात आहे.”

“मग? पाटीवर नाव कुठंय त्याचं?”

“मला न विचारता?”

“न विचारता काय! सही केलीस की. आता उलटू नकोस हं.”

“मी? कधी?”

तादेयाने चिडून फाइलमधलं संमतीपत्र उघडलं. वडिलांची सही. खाली आईची. नाव ब्रिनाचं, पण अक्षर डावीकडे कललेलं. फ्रिजवरच्या सामानाच्या यादीत ती रोज वाचायची तेच.

तादेयाही बघत राहिली. भावाचं, गाश्परचं अक्षर तिला शाळेपासून ठाऊक होतं.

“गाश्पर म्हणाला, तू घरी सही केलीस. शप्पथ, ब्रिना.”

तेवढ्यात गाश्परच आला, कडेवर लोव्रो. “बघितलंस? पोरगं बापाचं नाव काढणार!”

“ही सही कोणाची?”

“अगं,” गाश्पर हसला, “तू नाहीच म्हणाली असतीस. साधा हाताचा ठसा, त्याचा किती बाऊ…”

तादेयाने पेटीची ऊब बंद केली आणि ताटली ब्लीचमध्ये बुडवायला आत घेऊन गेली.

ब्रिनाने लोव्रोला गाश्परच्या कडेवरून काढून घेतलं. इतके दिवस ती भलत्याच माणसावर नजर ठेवून होती. दवाखान्यात, बँकेत, आणखी कुठंकुठं असेल आपली अशी सही?

तादेया हात पुसत बाहेर आली.

“आज आम्ही दोघं तुझ्याकडे झोपलो तर चालेल?” ब्रिनाने विचारलं.

“चल,” तादेया म्हणाली. गाश्पर अजून हसत होता. मग थांबला.