मागची काच

शरयूच्या चिठ्ठीला टिपणीसांनी उत्तर दिलं नव्हतं. ती वारली तेव्हापासून त्यांच्या जुन्या फियाटच्या मागच्या सीटवर राहत होती. काचेभोवतीच्या तडकलेल्या रबरातून तिनेच ती चिठ्ठी बाहेर सरकवली होती. 'अहो, रबरं बदलू नका. या फटींतून मी रोज थोडी थोडी बाहेर जाते आहे. आता फार उरले नाही. जाऊ द्या.'

टिपणीसांनी उत्तराचे मसुदे केले. पण निघणाऱ्या माणसाला आपल्याकडे कुणी 'जा' म्हणत नाही, 'ये' म्हणतात. प्रत्येक मसुद्याच्या शेवटी हात 'ये'च लिहून जाई. त्यांनी सगळे फाडले आणि नवी रबरं आणली.

नंदू मिस्त्री आला आणि गाडीत डोकावला.

"काकू आत आहेत की. मग मला कशाला बोलावलंत, काका? रबराच्या खाचेत दोरी बसवायची, टोकं आत सोडायची. एकाने बाहेरून काच दाबायची, दुसऱ्याने आतून दोरी ओढायची. नवराबायकोचंच काम."

चहा पिऊन तो गेला.

"साबणाचं पाणी लावलंत?" शरयूने आतून विचारलं.

"लावलं."

"मग दाबा. पुस्तकाचं पान नाही ते, काच आहे. जोर लावा."

ती ओढत गेली तशी रबराची कड पत्र्यावर चढत गेली. पुढची काच बसली आणि शरयूचे खोल गेलेले गाल भरून आले. बाजूच्या काचांची रबरं बसली तेव्हा सैल बांगड्या पुन्हा मनगटाला घट्ट झाल्या. टिपणीसांना फार बरं वाटलं. तिचा आवाज मात्र आता विहिरीतून आल्यासारखा येत होता, आणि एकेका शब्दाआधी ती श्वासासाठी थांबत होती.

मागच्या काचेची वीतभर कड उरली आणि दोरी थांबली.

"ओढ ना."

"आधी चिठ्ठीचं उत्तर द्या."

"हे होऊ दे. मग देतो."

"मग कुठून द्याल?"

टिपणीसांनी छातीने काच दाबून धरली, रबराच्या वेष्टनाचा तुकडा फाडला आणि त्यावर 'जा' लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं. एरवी त्यांनी दुसरा कागद घेतला असता. त्यांनी तोच घडी करून फटीतून आत टाकला.

शरयूने वाचलं, कागद कमरेला खोचला.

"जाते," ती म्हणाली.

ती दोऱ्याएवढी बारीक होऊन त्या वीतभर फटीतून निघाली. टिपणीसांच्या मनगटाला जरा ओलं लागलं, इतकंच.

दोरीची टोकं सीटवर पडली होती. हात काढला असता तर काच निसटली असती. टिपणीस दोन्ही तळव्यांनी ती दाबून उभे राहिले.