दोन अर्थांचा शब्द

"कोणी इश्वास ठेवणार नाई," मोगऱ्याच्या माळेला गाठ मारत गोवर्धन म्हणाला, "पण मले स्पॅनिश येते."

शेजारी लिंबांच्या ढिगावर पाणी मारणारा देवानंद थांबला. गंगूबाईने मात्र नवऱ्याकडे पाहिलंही नाही. ती कळ्या निवडत राहिली.

मूर्तिजापूरच्या बाजारात आजवर थापांचं दुकान एकट्या गोवर्धनचं. पण देवानंदची मुलगी खुशी अमरावतीला स्पॅनिश शिकू लागली, आणि बाप रोज तिचा एक शब्द बाजारात आणू लागला. शब्द एक, अर्थ दोन, वर इंग्रजीची फोडणी. काल गंगूबाईच्या हातावर लिंबं ठेवत तो म्हणाला होता, "वयनी, मुन्येका मंजे मनगट. इंग्रजीत रिस्ट. अन् मुन्येका मंजेच बाहुली, डॉल."

गंगूबाई हसली. हसली ते हसली, वर कितीतरी वेळ स्वतःच्या मनगटाकडे पाहत बसली. रात्री गोवर्धनला भाकर गेली नाही.

"कुठी शिकले, गोवर्धनभाऊ?" देवानंदने विचारलं.

"आपल्या शकुंतला रेल्वेपाशी. आत स्पेनचा सायेब बसला होता. गाडी अशी सुस्त, का मी बाजूनं पायी चालून राहिलो अन् तो खिडकीतून शिकवून राहिला. पुढच्या टेशनापर्यंत सारी भाषा झाली. थोडं व्याकरण उरलं होतं, तं इंजन बंद पडलं. तेही उरकलं."

"मंग सांगा एखांदा शब्द."

गोवर्धनने हातातल्या माळेकडे पाहिलं. गाठ इतकी आवळली होती, की कळीचा देठच तुटला होता.

"गजरो."

"अर्थ?"

"एक, फुलायची माळ." तो अडखळला. "दुसरा... जे बाई जिंदगीभर लोकायच्या केसांसाठी माळा ओवते, अन् आपला अंबाडा सुना ठेवते, ते."

देवानंद पुन्हा लिंबांवर पाणी मारू लागला. गंगूबाईचे हात थांबले.

"अन् इंग्रजीत?" तिने विचारलं.

"इंग्रजीत त्याले शब्द नाई."

गंगूबाईने कळ्यांची टोपली बाजूला सारली, पदर खांद्यावर घेतला आणि नवऱ्याकडे पाठ करून बसली. अंबाडा बरोबर त्याच्या हाताशी.

"झूट बोलून राहिले तुमी," ती म्हणाली. "गजरो-बिजरो काई नसते. माळा आता."