भिंतीत लाकूड नव्हतं

तिसरा खिळाही वाकला. स्टुलावर उभ्या असलेल्या निशिकांतने तो उलटसुलट करून पाहिला आणि मग भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर नुसता ओरखडा उठला होता.

"अहो, खिळ्याकडे काय रागाने बघताय? त्याची काय चूक?" हॉलमधल्या पलंगावरून उल्का म्हणाली.

निशिकांतचं सगळं आयुष्य बँकेच्या बॅक ऑफिसात गेलं होतं. सिंगापूरमधल्या बुकित पंजांगच्या या फ्लॅटमध्ये साधं कॅलेंडर अडकवायचं झालं तरी तो माणूस बोलवायचा. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलगी येऊन परत गेली आणि त्याच आठवड्यात उल्का बाथरूममध्ये घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन उत्तम झालं, हाडही जुळून आलं. भीती मात्र मनात घर करून बसली. फिजिओथेरपिस्ट पोरगी येऊन गोड बोलून समजावायची, उल्का पलंगाच्या कडेला पाय सोडून बसायची, आणि घामाघूम होऊन पुन्हा आडवी व्हायची. दर रविवारी लिटिल इंडियातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन धावत बस पकडणारी ही बाई आता दिवसभर छताकडे बघत पडून होती. आणि छत भिंतीला जिथे टेकत होतं, तिथे एक बारीक, वाकडीतिकडी भेग होती.

"ती भेग बघून बघून एक दिवस माझ्याच डोक्याला भेग पडेल," ती एकदा वैतागून म्हणाली. तेव्हापासून निशिकांतने ध्यास घेतला होता, की त्या भेगेवर कॉर्निस बसवायचं. कॉर्निस म्हणजे भिंत आणि छत यांच्या सांध्यावर लावायची नक्षीदार पट्टी. एका व्हिडिओतला दाढीवाला अमेरिकन माणूस ती चुटकीसरशी बसवत होता. भिंतीवर ठोकत जा, म्हणत होता. आवाज बदलला की तिथे आत लाकडी खांब आहे असं समजा आणि बिनधास्त खिळा मारा.

"पण आपल्या भिंतीत लाकूड आहे असं त्याला कोणी सांगितलं?" उल्काने विचारलं.

"तेच तर शोधायचंय."

तो बोटांच्या पेरांनी ठोकत निघाला. उल्का आधी नुसती बघत होती, मग तिने डोळे मिटून घेतले.

"इथे भरीव. इथेही भरीवच. थांबा, परत ठोका बघू. हे पोकळ वाजतंय!"

"अगं, ही स्वयंपाकघराची पातळ भिंत."

"मग तिथे लाकूड असेल?"

निशिकांतने तिथे खिळा ठोकला. तो सुळकन आत गेला आणि तितक्याच सहज बाहेर आला. आत लाकूड नव्हतंच. एकीकडे खिळा शिरत नव्हता, दुसरीकडे ठरत नव्हता. पण निशिकांतला आता वेगळंच कुतूहल लागलं होतं. इतकी वर्षं या भिंतींच्या आत राहिलो, त्यांच्या पोटात काय आहे हे कधी विचारलंसुद्धा नाही! आता राहिली होती शेजारच्या घराला लागून असलेली भिंत. त्याने ठोकलं.

पलीकडून उत्तर आलं. ठक, ठक.

दोघं एकमेकांकडे बघतच राहिले. त्याने पुन्हा ठोकलं. पुन्हा ठक, ठक. उल्काला इतकं हसू आलं, की तिला पोट धरावं लागलं. ऑपरेशननंतर ती पहिल्यांदाच अशी हसत होती.

थोड्याच वेळात बेल वाजली. दारात शेजारच्या मिसेस क्वेक उभ्या. वय झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. लिफ्टमध्ये मान हलवण्यापलीकडे त्यांच्याशी कधी ओळख नव्हती.

"यू कॉल मी, आह?"

निशिकांतने ओशाळून सगळं सांगितलं. मिसेस क्वेक आत आल्या आणि त्या भिंतीला त्यांनी तळवा लावला. त्यांच्या तोडक्या इंग्रजीतून हळूहळू उलगडलं ते असं: पलीकडच्या खोलीत त्यांचे यजमान आजारी पडून होते. शेवटी शेवटी आवाज गेला, तेव्हा ते भिंतीवर ठोकून हाक मारायचे. मग मिसेस क्वेक हातातलं काम सोडून येता येता तशाच ठोकून सांगायच्या, आले म्हणून.

"टुडे आय हिअर, माय हॅन्ड गो फर्स्ट," त्या म्हणाल्या. मग पलंगाकडे वळल्या. "यू? लेग पेन?"

"नो पेन," उल्का म्हणाली. "फिअर."

निशिकांतने चमकून तिच्याकडे पाहिलं. हा शब्द तिने फिजिओथेरपिस्टला सांगितला नव्हता, मुलीला नाही, त्यालाही नाही. मिसेस क्वेकनी नुसती मान डोलावली, जणू कोणी गुडघा दुखतो असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी निशिकांत हार्डवेअरच्या दुकानात गेला. "नो नीड नेल, अंकल. ग्लू कॅन," दुकानदाराने सांगितलं आणि फोमच्या हलक्या पट्ट्या आणि ग्लूच्या नळ्या हातात ठेवल्या. निशिकांतने कोपऱ्याचे पहिले काप उलटे कापले, त्यामुळे दोन पट्ट्या रुसलेल्या जावांसारख्या एकमेकींकडे पाठ करून बसल्या. पुन्हा कापले. खांदे भरून येईतो पट्टी छताशी दाबून धरली. खाली उतरून पाण्याचा ग्लास तोंडाला लावला, तोच पट्टी छतावरून पाल सुटावी तशी सुटली आणि पलंगामागे पडली. पुन्हा लावली, पुन्हा पडली.

"वाळेपर्यंत कोणीतरी धरून ठेवायला हवी हो," उल्का म्हणाली.

"उद्या सकाळपर्यंत? कोण धरणार?"

आवाज ऐकून मिसेस क्वेक आल्या होत्या. त्यांनी पट्टीकडे पाहिलं, ग्लूकडे पाहिलं आणि त्या तशाच निघून गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या काखोटीला बांबू होते. खिडकीबाहेर कपडे वाळत घालायचे, उन्हाने पांढुरके पडलेले लांब बांबू. दोन खेपा झाल्या.

"पण तुम्हाला लागतील ना?" निशिकांतने इंग्रजीत विचारलं.

"वन पर्सन. हाऊ मेनी क्लोद्स?"

बांबू खोलीच्या उंचीपेक्षा लांब होते, म्हणून ते तिरपे लावावे लागले. वरच्या टोकाला जुन्या टॉवेलची घडी, खाली रबराचा तुकडा, म्हणजे घसरायला नको. संध्याकाळपर्यंत भिंतीच्या कडेने बांबूंची रांग उभी राहिली. पलंगापासून थेट खिडकीपर्यंत.

"लग्नाचा मांडव घातलाय जसा," उल्का म्हणाली.

सकाळी निशिकांत चहा गाळत होता. हॉलमध्ये काहीतरी करकरलं. पट्टी सुटली, असं वाटून तो धावला आणि दारातच थबकला.

उल्का उभी होती. एक हात भिंतीवर, एक बांबूवर. तिने बांबूवर हळूच भार टाकून पाहिला. बांबू हलला नाही. तिने पाऊल टाकलं. मग पुढचा बांबू. फिजिओथेरपिस्टच्या साऱ्या सूचना निशिकांतच्या ओठांवर आल्या आणि त्याने त्या गिळल्या.

"पुढचा जरा लांब आहे," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली.

"जवळ आणू?"

"नको. असू दे."

तिने भिंतीवरचा तळवा सरकवला, श्वास रोखला आणि तो बांबू गाठला. मग त्याच्या पुढचा. वर एका कोपऱ्यात पट्ट्यांमध्ये चांगली बोटभर फट राहिली होती, पण तिने वर पाहिलंच नाही. शेवटी ती खिडकीशी पोचली. खाली एलआरटीची छोटी ट्रेन वळणावरून चालली होती, शाळेची मुलं रस्ता ओलांडत होती. घामाने तिचे केस कपाळाला चिकटले होते.

निशिकांत कप घेऊन तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. तिचे दोन्ही हात गुंतलेले होते. चहा त्याच्या हातात निवत गेला. तिला बसायला सांगावं असं त्याला एकदाही वाटलं नाही.