आखूड नळीचा धूर

मी एक जुनी लोखंडी नळी आहे. होडीच्या इंजिनाचा धूर बाहेर टाकणं हे माझं काम. मित्रांनो, माझ्या आवाजावरून मला शूर समजू नका. मी फार भित्री आहे, आणि त्याला कारण आहे.

गोवा घटक राज्य झालं त्याच वर्षी म्हापशाच्या एका गॅरेजात माझा जन्म झाला. केरीच्या बाबाजींनी होडीला जुन्या मोटारीचं पेट्रोल इंजिन बसवलं होतं. नारळी पौर्णिमेला गावात होड्यांची शर्यत असे, ती त्यांना जिंकायची होती. गॅरेजवाल्या सुदेशने दोन नळ्या पुढ्यात ठेवल्या. एक लांब, पाण्याने थंड होणारी, धूर पार मागे सोडणारी. दुसरी मी, आखूड, बाजूला तोंड असलेली.

"बाबाजीबाब, हीच घेयात. होडी वाऱ्यासारकी धांवतली," सुदेश म्हणाला.

"आनी धुंवर?" बाबाजींची बायको वत्सला हिने विचारलं.

"धुंवर फाटीं उरतलो, होडी फुडें वतली!"

"आनी होडी हळू गेल्यार?"

बाबाजी हसले. "हळू वचपाक कोण इंजिन बसयता गे?"

अशी मी निवडली गेले. सरावात माझा गडगडाट ऐकून पलीकडच्या काठावरची माणसं बाहेर येत. मीही फुगून गेले होते.

पौर्णिमेला शर्यतीआधी समुद्राला नारळ द्यायचा होता. त्यांच्या घरची रीत अशी, की देवाकडचा पेटता दिवा नारळाबरोबर खाडीच्या मुखापर्यंत न्यायचा, वाटेत विझू द्यायचा नाही आणि तोवर कुणी काही खायचं नाही. वारा समोरून होता. म्हणून होडीवर ताडपत्री बांधून पुढची बाजू आणि दोन्ही कडा बंद केल्या. आत वत्सला दिवा सांभाळत बसली, शेजारी लेक तनया. बाबाजी बाहेर, पुढे सुकाणूच्या चाकाशी. दिव्यासाठी त्यांनी होडी अगदी हळू घेतली.

माझा धूर मागे राहिलाच नाही. ताडपत्रीच्या आडोशाला तो घोटाळला आणि मागच्या उघड्या बाजूने आत शिरला. धूर निदान दिसतो, डोळ्यांना झोंबतो. त्यातला एक वायू मात्र दिसत नाही, त्याला वासही नाही, आणि तोच माणसाला गुंगवून मारतो. मला थांबायचं होतं. पण इंजिन चालू होतं, मी थांबणार कशी?

"आये, तकली घुंवता गे," तनया डोकं धरून म्हणाली.

"उपास न्हय गो बाये? नाल्ल वचूं दी, मागीर खा." नारळ समुद्राला दिल्यावर खा, असं सांगणाऱ्या वत्सलाचंही डोकं ठणकत होतं, पण तीही उपाशीच होती.

थोड्या वेळाने तनयाची मान आईच्या मांडीवर पडली. वत्सलाने हाक मारली. मुलगी बोलेना. गाल थोपटले, तरी हलेना. वत्सलाने एकदा दिव्याकडे पाहिलं. मग स्वतःच फुंकर मारून तो विझवला आणि समोरची ताडपत्री दोन्ही हातांनी ओढून काढली.

"अगे, दिवो!" बाबाजी ओरडले.

"म्हजें चेडूं पळयात! इंजिन बंद करात!" वत्सला लेकीकडे बोट दाखवत ओरडली.

माझा आवाज थांबला. वारा आरपार वाहू लागला. मी तनयाच्या श्वासाकडे कान लावून राहिले. अखेर ती ओकली आणि मोठ्याने रडू लागली. ते रडणं मला किती गोड वाटलं, काय सांगू!

बाबाजी शर्यतीला गेलेच नाहीत. लांब नळी आली आणि मी माडाखाली गंजत पडले. मला त्याचं वाईट वाटत नाही. मित्रांनो, यंत्र निवडताना वेगाआधी धूर कुठे जाईल ते विचारा. चालू इंजिनाजवळ कुणाला गरगरलं, तर आधी त्याला मोकळ्या हवेत न्या, कारण मागून शोधा.

वत्सला अजून होडीचं इंजिन सुरू झालं की तनयाला हाक मारते, आणि ओ आल्याशिवाय दोर सोडू देत नाही.