नीट वाचून मगच सही करा

मित्रांनो, शालूबाई गेल्या हे मला एका कागदावरून कळलं.

मी एक जुना प्रिंटर आहे. मला डोळे नाहीत, पण दुकानातली हालचाल मला कळते आणि जे अक्षर माझ्यातून जातं ते समजतं. काही दिवस बंद असलेलं दुकान उघडलं त्या दिवशी तेरवीची पत्रिका आली आणि तिच्यात त्यांचं नाव होतं. मी चाळीस प्रती काढल्या. एकीवरही अक्षर पुसट येऊ दिलं नाही. त्याहून जास्त मला काही करता येत नव्हतं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आता आठवत नाही. आठवतं ते अमडापूरचं दुकान. अर्ध्या दुकानात इंद्रभानभाऊंची शिलाई मशीन आणि अर्ध्यात त्यांच्या बायकोचा, शालूबाईंचा, कॉम्प्युटर. लोकांचे अर्ज आणि बारशाच्या पत्रिका त्या करून देत. त्यांच्या टेबलावर जागा नव्हती, म्हणून मला भाऊंच्या बाजूला, कापडाच्या चिंध्यांजवळ ठेवलं.

त्यांचा पुतण्या हर्षल खामगावला कॉम्प्युटरचं काम करतो. त्यानं काकूला एक छोटा प्रोग्राम करून दिला होता. नाव, वय, गाव भरायचं आणि एक बटण दाबायचं. कागद आधी पडद्यावर दिसत नसे, छापू का म्हणून कुणी विचारत नसे. मजकूर थेट माझ्याकडे येई. शालूबाई तिकडून म्हणत, "गेला!" भाऊ मशीनवरचा पाय थांबवून कागद उचलत आणि म्हणत, "आला!" दिवसभर हेच चाले. सकाळी घरी भांडून आले असले तरी हे दोन शब्द कधी चुकले नाहीत.

एकदा मात्र घोटाळा झाला. आधीच्या गिऱ्हाइकाचं वय चौकटीत तसंच राहिलं आणि म्हाताऱ्या गोजरबाईंच्या पेन्शनच्या अर्जात बहात्तरऐवजी सव्वीस छापलं गेलं. ऑफिसातून परत आलेल्या गोजरबाई दारातूनच ओरडल्या, "शालू, मले तं पुन्हा नवरी केलं वं माय! आता एखांदा नवरदेवही छापून दे!"

सगळं दुकान हसलं. शालूबाई हसल्या नाहीत. म्हातारीला उन्हात उगाच हेलपाटा पडला होता. त्याच दुपारी हर्षलला फोनवर विचारत विचारत त्यांनी स्वतः त्या प्रोग्राममध्ये प्रत्येक कागदाच्या तळाशी येईल अशी एक ओळ बसवली: 'नीट वाचून मगच सही करा. – शालू'

तेरवीची पत्रिका भाऊंनी दोन बोटांनी टाइप केली. बटण दाबलं. "गेला," ते हळूच म्हणाले. मग उठून टेबलाला वळसा घालून माझ्याजवळ आले, कागद उचलला आणि म्हणाले, "आला."

पत्रिकेच्या तळाशी ती ओळ होतीच.

गोजरबाईंनी नातीकडून पत्रिका वाचून घेतली. "इंद्रभान, खाली तिचंच नाव आलं. काऊन राहू देलं बाबू?"

"मले काढता येत नाही, मावशी. अन् येत असतं तरी काढलं नसतं."

त्यानंतर वर्षभर प्रत्येक कागदावर ती ओळ येत राहिली. भाऊ कागद देताना तिच्यावर एकदा बोट फिरवत. मग दिवाळीनंतर कॉम्प्युटर बंद पडला तो पडलाच. हर्षलनं नवा आणला. जुना प्रोग्राम त्यात चालेना, म्हणून नवा करून दिला.

"काका, कागद पयल्यासारखाच सरळ प्रिंटरवर जाईन. खालची ओळ तेवढी सांगा. काकूचंच नाव टाकू ना?"

भाऊ बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिले. "ते तिनं सोताच्या हातानं टाकलं होतं," ते म्हणाले. "आता तू टाकशीन तं ते तुह्यं होईन. मी टाकीन तं माह्यं."

"मंग तुमचं नाव टाकू?"

"थांब जरा."

"हाव, थांबतो."

मित्रांनो, माझी धूळ पुसत जा असं मी म्हणणार नाही. पुसली तर बरं वाटतं, एवढंच. पण कागद पाठवण्याआधी एकदा वाचत जा. माझ्याकडे आलेला कागद मला परत धाडता येत नाही.

भाऊ हर्षलला 'थांब जरा' म्हणाले, त्याला चार महिने झाले. कागद रोज येतात. तळाची ओळ अजून लिहायची राहिली आहे.