माझा हरवलेला नकाशा

चौदा वर्षांनी तोंड उघडतेय, तेव्हा आता मधे बोलू नका. मी समुद्री चाच्यांची कादंबरी. पुण्याच्या छापखान्यात जन्मले, एस.टी.तून लोहाऱ्याच्या शाळेत आले आणि थेट लोखंडी कपाटात गेले. पोटात वादळं, तलवारी, पुरलेला खजिना, बाहेर कुलूप.

नववीला मी अभ्यासाला होते. पण पोरांना मिळायचा फळ्यावरचा सारांश. "हातात दिली की पानं फाडतेत," असं ग्रंथालय सांभाळणारे सोमलिंग सर म्हणायचे. मोठ्या माणसांना पुस्तक जपायचं असतं. वाचायचं कुणी, ते विचारू नका!

यंदा मेहनाज मॅडम नव्यानं आल्या. त्यांनी मला वर्गात मोठ्यानं वाचायला घेतलं. समुद्र तिथं एकानंही पाहिला नव्हता, तरी जहाज हेलकावलं की मागच्या बाकावरचा दानियाल बाक घट्ट धरायचा. घंटा झाली तरी कुणी उठेना.

मी अर्धी वाचून झाले आणि सोमलिंग सर यादी घेऊन आले.

"मॅडम, हिचं नकाशाचं पान न्हाय. अशी पुस्तकं शुक्रवारी रद्दीत चाललीत."

"सर, गोष्ट तरी संपू द्या!"

"नियम हाय. पान आणा, नाव खोडतो."

खजिना सापडायच्या आधीच मी तराजूत?

मग पोरांनी माझी बेटाची वाक्यं पुन्हा पुन्हा वाचली आणि पहिल्या बाकावरच्या शिवप्रियानं भूगोलाच्या वहीच्या पानावर बेट काढलं. किनाऱ्यावर बाभळी, मधोमध बारव, बारवेपाशी फुली. पान खळीनं चिकटवलं.

शुक्रवारी सरांनी ते उलटून पाहिलं. मग गेले आणि आपल्या टेबलाच्या खणातून एक खाकी पाकीट घेऊन आले. आत माझा छापील नकाशा!

"पोरं फाडतील म्हणून म्याच काढून ठिवला होता," सर पुटपुटले. "ध्यानातच न्हाय राहिलं."

शिवप्रियाला राहवेना. "म्हणजे सर, फुली तुमच्या खणावर मारायला पाहिजे होती की!"

आधी मॅडम हसल्या, मग सरही. त्यांनी लाल पेननं यादीतलं माझं नाव खोडलं. किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

छापील नकाशा पुन्हा पाकिटात गेलाय. बाभळींचा माझ्यापाशीच आहे. आज मी घरी वाचायला म्हणून दानियालच्या दप्तरात, डब्याला टेकून बसलेय. कोपऱ्याला लोणच्याचं तेल लागलंय.

सर, पुसू नका. राहू द्या.